कापसाचा भाव कापसाबाहेर

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



२०२५ च्या खरिपात पावसाने आपली काय गत केली ते मी सांगायला नको. ऑगस्ट-सप्टेंबरात वावरातून पाणी हटले नाही. पाते गळाले, खालची बोंडे सडली. जिथे एकरी सात-आठ क्विंटल व्हायचा तिथे तीन-चार क्विंटलवर उलंगवाडी झाली. हाती आला तेवढा कापूस घेऊन बाजारात गेलो, तर लांब धाग्याची आधारभूत किंमत कागदावर ८,११० रुपये आणि व्यापाऱ्याच्या तोंडात सात हजारांच्या आगेमागे. सीसीआयच्या केंद्रावर जावे तर मोबाईलवर नोंदणी, आठ ते बारा टक्के ओलाव्याची अट, आणि नंबर लागेपर्यंत दिवसागणिक चढणारे ट्रॅक्टरचे भाडे. त्यानंतर मी ज्या ज्या गावी गेलो तिथे लोकांनी एकच विचारले, "भाऊ, माल कमी पिकला तर भाव चढायला पायजे. हा पडला कसा?"

प्रश्न रास्त आहे. माल कमी तर भाव जास्त, हे आपल्याला शाळेपासून सांगितले आहे. पण ते जगात फक्त कापूसच असता तर खरे ठरले असते. कृषी महाविद्यालयात आम्हाला अर्थशास्त्राचा एक पेपर होता. त्यात एक प्रकरण होते, 'मागणीची छेदक लवचिकता'. उदाहरण चहा आणि कॉफीचे. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी कॉफी कधी झाली नव्हती. आम्ही ते पाठ केले, परीक्षेत उतरवले आणि मोकळे झालो. त्या जागी कापूस आणि टेरीकॉट लिहिले असते, तर ते प्रकरण पोरांनी सुटीत घरी नेऊन बापाला वाचून दाखवले असते. आज मी तेच तुमच्यापुढे मांडणार आहे. नाव अवघड आहे, पण गोष्ट रोजच्या चुलीजवळची आहे.

धरून चालू की गावातल्या दुकानात महिन्याला शंभर किलो सरकीचे तेल खपते. सरकीच्या तेलाचा भाव आहे तोच राहिला, पण शेजारच्या डब्यातले सोयाबीनचे तेल १२० रुपयांवरून १३२ वर गेले. म्हणजे दहा टक्के वाढले. आता काही बाया म्हणतील, "द्या मग सरकीचंच." सरकीचे तेल १०० ऐवजी १०८ किलो खपले. भाव वाढला सोयाबीनचा, आणि मागणी वाढली सरकीची. आठाला दहाने भागा, उत्तर ०.८. ही झाली छेदक लवचिकता. एका वस्तूचा भाव शेकडा एकाने हलला तर दुसऱ्या वस्तूची मागणी शेकडा किती हलते, एवढाच तिचा अर्थ. उत्तर अधिक आले तर त्या वस्तू एकमेकींना पर्यायी. आकडा जितका मोठा, तितकी ती वस्तू आपल्या उरावर बसलेली.

उत्तर उणेही येते. पांढरे सुती धोतर घ्या. धोतर एकटे येत नाही. त्याच्यामागे साबण येतो, नीळ येते, इस्त्रीचा कोळसा येतो. साबण-इस्त्री महागली तर धोतर नेसणाराही कमी होतो, धोतराचा भाव एक पैसा वाढला नसला तरी. या पूरक वस्तू. आणि ज्वारीचा भाव वाढला म्हणून सायकलींचा खप वाढत नाही की घटत नाही, तिथे उत्तर शून्य.

सूत्र एवढेच. आता या मांडवातच त्याचा पडताळा घेऊ.

मांडवातले शर्ट

शेजारी बसलेल्या माणसाच्या शर्टाकडे बघा. बाया एकमेकींच्या पातळाकडे बघा. आपण सगळे कापूस पिकवणारे. निव्वळ सुती अंगावर किती जणांच्या आहे? हात वर करायला सांगत नाही, मोजदाद मी इथूनच केली आहे.

हे काही आपले पाप नाही. लुगडे गेले आणि पॉलिस्टरची साडी आली त्याला कारणे आहेत. ती स्वस्त पडते, तिचा रंग जात नाही, ती अर्ध्या तासात वाळते. ज्या गावात उन्हाळ्यात पाणी टँकरने येते, तिथल्या बाईला सुती लुगड्याचे पाणी आणि साबण विचारा. तिने कापसाशी बेइमानी केलेली नाही, तिने हिशोब केला आहे. लुगड्याची खरी किंमत तिच्या लेखी दुकानातल्या चिठ्ठीवर संपत नव्हती. तिच्यात पूरक वस्तूंचाही खर्च होता, आणि धुणे आपटण्याचे तिचे कष्टही होते.

टेरिलीन १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधले. आपल्याकडे ते बरीच वर्षे श्रीमंतांचे कापड होते, कारण सरकारने त्यावर भरपूर कर लावला होता. नवरदेवाला टेरीकॉटचा कपडा मिळाला तर गावभर बोलबाला व्हायचा, जुन्या माणसांना आठवत असेल. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यावरचे कर उतरवायला सुरुवात केली. कारखाने मोठे झाले, भाव खाली आला. १९९० च्या सुमारास जगातल्या कापडात लागणाऱ्या तंतूंपैकी जवळपास निम्मा कापूस होता. आज कापसाचा वाटा चौथ्या हिश्शाच्याही आत आला आहे, आणि एकटे पॉलिस्टर निम्म्याच्या वर गेले आहे. कापूस तेव्हापेक्षा कमी पिकतो असे नाही. पण लोकसंख्या वाढली, कपडे वाढले, आणि वाढलेला जवळजवळ सगळा खप दुसऱ्याने नेला.

आता सूतगिरणीत चला. गिरणीवाल्यापुढे दोन ढीग असतात, एक रुईचा आणि एक पॉलिस्टरच्या तंतूचा. तो तंतू कारखान्यात अखंड निघतो. आपल्या कापसाच्या यंत्रावर चालावा म्हणून तो मुद्दाम कापसाच्या तंतूच्या आसपासच्या लांबीचा कापतात. म्हणजे आपली जागा घ्यायची अशा बेतानेच तो तयार होतो. २०२५ मध्ये देशात रुई किलोला दीडशेच्या आसपास होती आणि पॉलिस्टरचा तंतू शंभरच्या आसपास. वर त्यात पालापाचोळा नाही, ओलावा नाही, सुतळीचे धागे नाहीत. गिरणीवाल्याने मिश्रणात कापूस किती घालायचा हे तो या दोन आकड्यांतले अंतर बघून ठरवतो. अंतर वाढले की कापूस कमी करतो.

हे लगेच होत नाही, हेही ध्यानात घ्या. आज रुई महागली म्हणून उद्या सकाळी गिरणी बदलत नाही. तिचे सौदे झालेले असतात, यंत्रे एका बेताने लावलेली असतात. पहिल्या महिन्यात छेदक लवचिकता फार थोडी दिसते. सहा महिन्यांनी जास्त, दोन वर्षांनी त्याहून जास्त. आणि एकदा गिरणीने नवे मिश्रण बसवले, कापडवाल्याने ते विकले, गिऱ्हाइकाला त्याची सवय झाली, की पुढे रुई स्वस्त झाली तरी ते सगळे गिऱ्हाईक परत येत नाही. महागाईत गेलेले गिऱ्हाईक स्वस्ताईत अर्धेमुर्धेच माघारी येते. पुस्तकातल्या सूत्रात हे दिसत नाही. तिथे रेघ जशी वर जाते तशीच खाली येते.

२०११ चे बघा. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायद्यात रुई पौंडाला दोन डॉलरच्या वर गेली. दीडशे वर्षांत असा भाव नव्हता अशी चर्चा होती. आपल्याकडेही कापूस सहा-सात हजारांना गेला, ज्या वर्षी आधारभूत किंमत तीन हजार होती. आपण खूश. पण जगभरच्या गिरण्या त्याच महिन्यांत मिश्रणे बदलत होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस तोच भाव एक डॉलरच्या खाली आला. वर आपल्या सरकारने ५ मार्च २०१२ ला निर्यातबंदी जाहीर केली आणि उरलेसुरले बाहेरचे गिऱ्हाईकही बिथरवले. बंदी पुढे मागे घेतली. पण ज्या देशातून माल कधी येईल याचा भरवसा नाही, त्या देशाशी कोण कायमचा व्यवहार ठेवील?

पॉलिस्टर खनिज तेलापासून होते. त्यामुळे आपल्या कापसाचा एक लगाम थेट तेलविहिरीत बांधलेला आहे. जून २०१४ मध्ये कच्चे तेल पिंपाला ११० डॉलरच्या वर होते, जानेवारी २०१५ मध्ये ते पन्नासच्या खाली गेले. पॉलिस्टर उतरले. त्या हंगामात कापूस ४,०५० च्या आधारभूत किमतीलाही महाग झाला होता. चीनने साठे करणे थांबवले हे त्यातले मोठे कारण, ते मी लपवत नाही. पण पॉलिस्टर स्वस्त असल्यामुळे पडलेल्या भावातही गिरणीला कापसाकडे धावत येण्याची गरज पडली नाही.

सगळीकडेच पॉलिस्टर आपली जागा घेऊ शकत नाही. कापूस साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. बाळाचे दुपटे, बनियन, टॉवेल, दवाखान्यातली पट्टी, इथे गिऱ्हाईक सहज हलत नाही. तिथे छेदक लवचिकता कमी आहे, म्हणजे आपला पाय पक्का आहे. म्हणून स्वच्छ, न भिजलेल्या, कवडी-पत्ती नसलेल्या कापसाला अजून पुसणारे आहेत. मळका कापूस मात्र मिश्रणात जातो आणि तिथे त्याला थेट पॉलिस्टरशी कुस्ती खेळावी लागते.

सरकीचे तीस पैसे

आता जी गोष्ट कापसाच्या भावाबद्दल बोलताना आपण नेहमी विसरतो, तिच्याकडे येतो. तुम्ही रुई विकत नाही, कापूस विकता. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलो सरकी, दोन किलो घट. रुई १५० रुपये किलो धरली तर ५,१०० रुपये झाले. सरकी ३५ रुपये धरली तर २,२४० रुपये. बेरीज ७,३४०. त्यातून जिनिंगची मजुरी, गाठ बांधणे, वाहतूक, व्याज आणि नफा वजा करा, म्हणजे व्यापारी सात हजार का म्हणतो ते कळेल. या बेरजेत रुपयातले तीस पैसे सरकीचे आहेत. सरकी किलोला पाच रुपयांनी उतरली तर कापूस क्विंटलला ३२० रुपयांनी उतरतो. रुई दहा रुपयांनी उतरली तर ३४० रुपयांनी. दोन्ही सारखेच झोंबते, पण आपण भांडतो फक्त रुईसाठी.

सरकीत काय आहे? ६४ किलो सरकी घाणीत घातली तर सात-आठ किलो तेल आणि पन्नासाच्या वर ढेप. तेलाचा शेजारी आहे पाम. देश आपल्या गरजेचे निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यातले सगळ्यात मोठे पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. फरसाणवाला सरकी आणि पाम यांच्यात भाव बघूनच निवड करतो. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, तेव्हा आपल्याकडे सगळीच तेले तापली. २३ मे ला बंदी उठली आणि ती खाली आली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केले, आणि ३० मे २०२५ ला ते १६.५ वर आणले. पेरणीच्या तोंडावर! कापूस पेरणाऱ्याला वाटते हा निर्णय सोयाबीनवाल्याचा, आपला काय संबंध. संबंध त्या सात-आठ किलो तेलाचा आहे.

ढेपेची गोष्ट त्याहून नवी आहे आणि मला ती जास्त काळजीची वाटते. पेट्रोलमध्ये इथेनॉल घालायचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर नेले. त्यासाठी मका आणि तांदूळ आंबवतात. आंबवून झाल्यावर जो प्रथिनांचा चोथा उरतो, तो पशुखाद्य म्हणून विकतात. व्यापारी त्याला डीडीजीएस म्हणतात. कारखाना इथेनॉलसाठी चालतो, चोथा हा त्याच्या मागे निघणारा माल, त्यामुळे तो मिळेल त्या भावाला काढावाच लागतो. त्याने आधी कोंबडीखाद्यात सोयाबीनच्या ढेपेला धक्का दिला. २०२४ मध्ये सोयाबीनची आधारभूत किंमत ४,८९२ असताना बाजारात चार हजारांच्या वर सरकताना दमछाक होत होती, त्यात या चोथ्याचाही हात होता. सरकीची ढेप कोंबडीला फारशी चालत नाही, तिच्यात गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. ती गाई-म्हशीची. पण चोथा गाई-म्हशीच्या खुराकातही शिरला आहे.

इथेही गिऱ्हाईक दोन प्रकारचे. फॅटवर दूध घालणारा म्हशीवाला सरकीची ढेप सहज सोडत नाही, चोथा स्वस्त असला तरी. त्याला बुरशी लागलेल्या चोथ्याची भीतीही असते, आणि ती खोटी नाही. पशुखाद्याचा कारखाना मात्र प्रथिनांचा किलोमागे हिशोब करतो आणि एका आठवड्यात मिश्रण बदलतो. शिवाय ढेपेचे दुधाशीही नाते आहे. दुधाचा भाव पडला की गवळी पहिली कात्री ढेपेला लावतो. म्हणजे डेअरीने लिटरमागे पैसे कापले तर ते हिंडत हिंडत आपल्या कापसापर्यंत येतात.

ज्वारी

ज्वारीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिचे उत्तर तुम्हाला पाठ आहे.

१९७० च्या सुमारास देशात पावणेदोन कोटी हेक्टरच्या आसपास ज्वारी होती. आज ती चाळीस लाखांच्या आसपास उरली आहे. ज्वारीची चव बिघडली का? १९७२ च्या दुष्काळात लोकांनी अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, नाक मुरडत खाल्ली आणि पाऊस पडताच सोडली. ती सवय झाली नाही. गव्हाची मात्र झाली, कारण तो वर्षानुवर्षे रेशनवर स्वस्त मिळत राहिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो ठरवले. कागदावर ज्वारी सगळ्यात स्वस्त होती. दुकानात बहुतेक ठिकाणी गहू-तांदूळच आले. १ जानेवारी २०२३ पासून ते फुकट झाले. पाच माणसांच्या घरात महिन्याला पंचवीस किलो धान्य फुकट येते, तिथे ज्वारीला विकत घेणारा कोण राहणार? ज्वारी पिकवणाराच रेशनचा गहू खातो आणि ज्वारी पेरायची सोडतो.

गरिबाच्या ताटातले काढा असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की ताटात काय असावे ते त्याला ठरवू द्या. धान्याऐवजी तेवढे पैसे हातात द्या आणि गहू, तांदूळ, ज्वारी यांच्यातली कुस्ती एका मापाने होऊ द्या.

यात एक गंमत आहे. ज्वारी हे एकच पीक नाही, बाजाराच्या नजरेत त्या दोन वस्तू आहेत. खरिपाची संकरित ज्वारी पावसात काळी पडली की तिचा शेजारी गहू राहत नाही, मका होतो. ती कोंबडीखाद्यात आणि दारूच्या भट्टीत जाते आणि मक्याच्या भावाला बांधली जाते. रब्बीची मालदांडी, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली, ती भाकरीची. तिचे शहरातले गिऱ्हाईक डॉक्टरने सांगितले म्हणून ज्वारी घेते. गहू चार रुपयांनी उतरला तर ते गिऱ्हाईक हलत नाही. सरकारने २०२५-२६ साठी संकरितला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये ठरवले. पन्नास रुपयांचा फरक! ज्याने हा आकडा काढला त्याने दोन्हींच्या भाकरी एकदा खाऊन बघाव्यात. मालदांडी पेरणाऱ्यांनो, कडबा धरून हिशोब करा आणि घाबरून ती मोडू नका.

ठेवू की विकू

आता ज्या प्रश्नावर घराघरात भांडणे होतात त्यावर येतो. कापूस घरात ठेवायचा की विकायचा?

२०२२ च्या वसंतात कापूस दहा-बारा हजारांपर्यंत गेला. तोपर्यंत बहुतेकांच्या घरात तो राहिलाच नव्हता, तो सगळा जिनिंगवाल्याच्या आवारात होता. मग पुढच्या वर्षी, २०२२-२३ च्या हंगामात, आपण शहाणे झालो आणि कापूस ठेवला. माजघरात कापूस, ओसरीवर कापूस, पोरांच्या अंगाला खाज. नोव्हेंबरात नऊ हजारांच्या आसपास भाव होता, तेव्हा आपण बारा हजारांची वाट पाहिली. मे २०२३ मध्ये साडेसात हजाराच्या आत विकावा लागला, वजनातली घट आणि सावकाराचे व्याज वेगळे.

ठेवणे चूक होते असे मी म्हणत नाही. पण ठेवताना आपण फक्त कापसाकडे बघत होतो. त्या बारा हजारांच्या भावाने गिरण्यांचे मिश्रण आधीच बदलले होते, बाहेर सुताला उठाव नव्हता, सरकारने एप्रिल २०२२ मध्ये अकरा टक्के आयात शुल्क उठवून गिरण्यांना परदेशी गाठींचा रस्ता उघडला होता आणि तो ऑक्टोबरपर्यंत उघडा ठेवला होता. कापूस चढण्याजोगे एकही लक्षण शेजारपाजारी नव्हते.

२०२५ मध्ये तर सगळेच एकदम झाले. १९ ऑगस्टपासून कापसावरचे आयात शुल्क उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली पहिली वेचणी ते शेवटची वेचणी. २२ सप्टेंबरपासून कृत्रिम तंतूवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आणि कृत्रिम सुतावरचा बारावरून पाचवर आणला. या दुसऱ्या निर्णयाला माझा विरोध नाही. कोणाच्या पायात बेडी घालून मला शर्यत जिंकायची नाही. पण मग आमच्याही पायातली काढा. कापूस तेजीत असताना निर्यात अडवायची, आयात मोकळी करायची, आणि मंदीत आधारभूत किमतीच्या रांगेत उभे करायचे, हा कुठला बाजार? आयात शुल्काचा जो काही निर्णय घ्यायचा असेल तो मे महिन्यात, पेरणीच्या आधी सांगा, आणि उलंगवाडी होईपर्यंत त्याला हात लावू नका. ही मागणी आपण या मेळाव्यातून करायची आहे. ती कापसाला आहे तशी खाद्यतेलालाही आहे.

सरकार ऐकेपर्यंत आपण काय करायचे? गेल्या बैठकीत एका काकांनी विचारले, "मंग भाऊ, हे सारे भाव आमी कुठं पाहत बसावं?" फार नाही, पाच आकडे आहेत. रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलोचा भाव. पॉलिस्टरच्या तंतूचा किलोचा भाव. सरकीचा क्विंटलचा. पामतेलाचा दहा किलोचा. आणि ढेपेचा, त्याच्या शेजारी मक्याच्या चोथ्याचा. खंडीचा भाव ३५६ ने भागला की किलोची रुई कळते, आणि ३४ व ६४ ने गुणले की तुमच्या क्विंटलची किंमत तुम्हीच काढू शकता. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव त्याच्याशी ताडून बघा. अंतर तीन-चारशेच्या वर असेल तर भांडायला जागा आहे. अंतर थोडे असेल आणि पॉलिस्टर, पाम, चोथा तिन्ही उतरत असतील, तर ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने सगळा माल अडवून ठेवू नये. निम्मा काढावा. तिन्ही चढत असतील तर थांबण्यात अर्थ आहे. ही खात्री नव्हे, अंदाज आहे. पण डोळे मिटून थांबण्यापेक्षा बरा.

तालुका प्रमुखांना विनंती आहे. दर सोमवारी हे पाच आकडे गावातल्या फळ्यावर खडूने लिहावेत. मोबाईलवर पोरांना ते सापडतात, त्यांना हे काम द्या. सरकी आणि ढेपेचा भाव मात्र मोबाईलवरचा घेऊ नका, आपल्या तालुक्यातल्या घाणीवर जाऊन विचारा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने चार सोमवारचे आकडे आणि त्याच दिवशीच्या कापूस विक्रीच्या पावत्या सोबत आणाव्यात. पावत्या मूळच्या आणा, झेरॉक्सवर आकडे नीट दिसत नाहीत.